केळं खाल्लं की उदासी जाते?

‘केळ्यात सेरोटोनिन हे मूडशी जोडलेलं रसायन असतं, उदास वाटलं की खा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. सेरोटोनिन असतं हे खरं, पण पोटातून रक्तात आलेलं सेरोटोनिन मेंदूत शिरूच शकत नाही. मेंदू ते ट्रिप्टोफॅन या प्रथिनांतल्या घटकापासून स्वतः बनवतो.

फरक पडतो तो रोजच्या ताटाने. ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना आहारतज्ज्ञांनी १२ आठवडे भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, ऑलिव्ह तेल अशा आहारावर आणलं. त्यांतले सुमारे ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले. नुसती गप्पांची सोबत मिळालेल्यांत ८ टक्के. चाचणी लहानच, आणि बहुतेकांचे औषधोपचार किंवा समुपदेशन चालूच होतं. त्यामुळे गोळ्या परस्पर बंद करू नका. अचानक थांबवल्या तर चक्कर, निद्रानाश, बेचैनी होऊ शकते.