नेटवर्कचं आमंत्रण आलं? ‘स्वीकारा’ दाबायच्या आधी हे वाचा

यूट्यूब चॅनेलच्या कामासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन येतात, ‘नेटवर्क घेऊ का नको?’ नेटवर्क म्हणजे अनेक चॅनेल आपल्याला जोडून घेऊन त्यांच्या कमाईत वाटा घेणारी कंपनी. अडचण अशी की त्यातल्या बऱ्याच जणांनी विचारायच्या आधीच घेतलेलं असतं. आधी आलात तर दोन दिवसांचं काम असतं, नंतर आलात तर कधी कधी वर्ष जातं. म्हणून हा कागद. स्टुडिओ (चॅनेल चालवायचं यूट्यूबचं पान), ॲडसेन्स (कमाई जमा होणारं गूगलचं खातं), क्लेम (व्हिडिओतल्या मजकुरावर कोणी सांगितलेला हक्क) हे शब्द पुढे येतील.

नेटवर्कमध्ये गेलं की जाहिराती लवकर सुरू होतात, हे खरं नाही. १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, ही अट नेटवर्कमधल्या चॅनेललाही तशीच लागू आहे. ६०० सबस्क्रायबरवर ‘महिनाभरात कमाई सुरू करून देतो’ म्हणणारा फोन आला, तर तो ठेवून द्या.

आता पैशाचं. ‘८० टक्के तुमचे, २० आमचे’ हे ऐकायला गोड लागतं, पण कशाचे ८० टक्के? लांब व्हिडिओवर १,००० रुपयांची जाहिरात लागली तर ४५० यूट्यूब आधीच ठेवून घेतं. उरलेल्या ५५० मधून नेटवर्क २० टक्के म्हणजे ११० घेतं. तुमच्या हातात ४४०. शॉर्ट्समध्ये चॅनेलचा वाटा मुळातच ४५ टक्के असतो आणि नेटवर्कची कात्री त्यावरही चालते. सुपरचॅट आणि मेंबरशिप (प्रेक्षकांनी दिलेले पैसे), बी-बियाणे कंपनीने थेट तुम्हाला दिलेली जाहिरात, यातलाही वाटा नेटवर्कला जातो का, हे करारात वेगळं लिहिलेलं असतं. आधी टाकलेल्या जुन्या व्हिडिओंचं काय, तेही तिथेच सापडतं. तोंडी काहीही सांगितलं असलं तरी कागदावरचंच चालतं.

ज्या एका चुकीत सगळ्यांचा वेळ जातो ती अशी. आमंत्रण मेलवर येतं, स्टुडिओतही दिसतं. ‘स्वीकारा’ दाबायला दोन सेकंद लागतात. करार इंग्रजीत, बारा-पंधरा पानांचा, त्यामुळे वाचायचा राहतो. मग सहा महिन्यांनी पैसे कमी येतात, फोन उचलला जात नाही, आणि माणूस आमच्या काउंटरवर येऊन म्हणतो, ‘भाऊ, हे काढून द्या.’ आम्हाला ते काढता येत नाही. यूट्यूबही मध्ये पडत नाही, कारण करार तुमच्यात आणि नेटवर्कमध्ये झालेला असतो. चॅनेल एका वेळी एकाच नेटवर्कला जोडता येतं, त्यामुळे पहिल्याने सोडल्याशिवाय दुसरीकडेही जाता येत नाही.

म्हणून करारात आधी मुदतीचं कलम शोधा. एक वर्ष, दोन वर्षं, की मुदतच नाही? त्याच्याच खाली आपोआप नूतनीकरणाची ओळ असते. मुदत संपायच्या ३०, ६० किंवा ९० दिवस आधी लेखी कळवलं नाही, तर करार पुन्हा तेवढ्याच काळासाठी चालू. लोक अडकतात ते इथे. मुदत संपल्यावर कळवतात आणि तोवर पुढचं वर्ष सुरू झालेलं असतं. आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो की स्वीकारल्याची तारीख आणि कळवायची शेवटची तारीख, दोन्ही घरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. मोबाईल बदलतो, भिंतीवरचं कॅलेंडर वर्षभर तिथेच असतं. कळवायचं ते मेलवर, करारात दिलेल्या पत्त्यावरच. व्हॉट्सॲपवरचा ‘सोडतो आहे’ नोटीस म्हणून मान्य होईल याचा भरवसा नाही.

दुसरं पाहायचं ते आमंत्रण कशा प्रकारचं आहे. तुमचं चॅनेल ‘संलग्न’ म्हणून जोडलं जातंय, की नेटवर्कच्या ‘मालकीचं’ म्हणून? दुसऱ्या प्रकारात व्हिडिओंचे हक्क नेटवर्ककडे जातात. एकट्याच्या शेतीच्या चॅनेलला याचा फटका बसतोच, पण दंडार, खडी गंमत अशा लोककलांची मंडळं आणि भजनी मंडळं यांना जास्त बसतो, कारण चॅनेल एकाच्या मेलवर असतं आणि कला वीस जणांची. अशा मंडळींनी सह्यांचा एक साधा ठराव आधी करून घ्यावा. नमुना आमच्याकडे आहे, त्याचे पैसे घेत नाही.

तिसरं, पैसे कोणत्या वाटेने येतात. नेटवर्कमध्ये गेलात की यूट्यूबचे पैसे साधारणपणे आधी नेटवर्ककडे जातात आणि तिथून तुमच्याकडे. मधला माणूस बुडाला की तुमचेही अडकतात. अमेरिकेतली डेफी मीडिया नावाची मोठी कंपनी नोव्हेंबर २०१८ मध्ये एकाएकी बंद पडली, तेव्हा तिच्या नेटवर्कमधल्या चॅनेलवाल्यांचे पैसे अडकले होते. त्यामुळे पैसे किती तारखेला, किमान किती झाल्यावर, आणि हिशेबाचा तक्ता कसा मिळणार, हे लेखी घ्या. नेटवर्क भारतातलं असेल तर टीडीएस कापू शकतं. पॅन दिला नाही तर कपात जास्त होते. कापलेली रक्कम आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावावर दिसते का, तेही पाहत जा.

मग नेटवर्क घ्यायचंच नाही का? तसं नाही. ज्यांच्या नाटकाचे आणि गाण्यांचे तुकडे जागोजागी उचलले जातात, त्यांना नेटवर्कमार्फत मिळणारा कंटेंट आयडी, म्हणजे उचललेले तुकडे आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा, उपयोगी पडतो. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांनी तर विचार करावाच. पण कोणी तुमचा अख्खा व्हिडिओ उचलून आपल्या चॅनेलवर टाकत असेल, तर कमाई सुरू असलेल्या चॅनेलला स्टुडिओतच ‘कॉपीराइट मॅच टूल’ फुकट मिळतं. तेवढ्यासाठी २० टक्के देऊ नका. आणखी एक पेच नेहमी दिसतो. गाणं आधी एखाद्या म्युझिक कंपनीला दिलेलं असतं, आणि मग स्वतःच्याच चॅनेलवर स्वतःच्याच गाण्याला क्लेम येतो. हा नेटवर्कचा दोष नाही. त्या कंपनीला तुमच्या चॅनेलची लिंक पाठवून क्लेममधून सूट मागायची. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनेलवर लागणारी शिक्षेची नोंद) नव्हे, घाबरून व्हिडिओ डिलीट करू नका. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आल्या तर मात्र चॅनेल जाऊ शकतं.

नेटवर्क न घेता थेट ॲडसेन्स ठेवणाऱ्यांसाठी: एका माणसाचं एकच खातं. दुसरं उघडलं तर अर्ज नाकारला जातो. कमाई १० डॉलर झाली की पत्ता तपासायचा पिन असलेलं पत्र साध्या टपालाने निघतं, दोन ते चार आठवडे लागतात. पत्त्यात नुसतं गाव लिहू नका. मु., पो., ता., जि., पिनकोड आणि ओळखीची खूण, सगळं हवं. पोस्टमनला आधी सांगून ठेवलेलं बरं. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती थांबतात. १०० डॉलर झाल्यावर पैसे पुढच्या महिन्यात, २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा) लागतो. तालुक्याच्या शाखेला तो बहुधा नसतो, जिल्ह्याच्या मुख्य शाखेत विचारा. पतसंस्थेचं खातं इथे चालत नाही. अमेरिकेचा कराचा फॉर्म भरला नाही तर सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. पॅन टाकून नीट भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के. आपले प्रेक्षक अकोला-वाशीमचे, म्हणजे कपात नावापुरतीच.

नेटवर्क सोडत असाल तर हे सगळं आधी तयार ठेवा. नेटवर्कची जोडणी तुटली आणि स्वतःचं ॲडसेन्स जोडलेलं नसलं, तर मधल्या दिवसांची कमाई जाते.

करार वाचायला आम्ही दोन दिवस आणि ५०० रुपये घेतो, यावर कुरकुर होते. ‘मुलगा इंग्रजी शिकलाय, तोच वाचेल,’ असंही ऐकतो. वाचू द्या, चांगलंच आहे. आम्ही मात्र प्रत्येक कलम मराठीत एका कागदावर उतरवून देतो आणि नेटवर्कला विचारायचे प्रश्न इंग्रजीत मेल करून देतो. गिऱ्हाईक जोडून दिलं तर पैसे देणारी नेटवर्क आहेत, आम्ही ते घेत नाही. भांडण नोटिशीपर्यंत गेलं असेल तर ते वकिलाचं काम, आमचं नाही.

पासवर्ड आम्ही मागत नाही, कोणालाही देऊ नका. स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये ‘परवानग्या’ आहेत, तिथून आम्हाला फक्त पाहण्यापुरता प्रवेश द्या, काम झालं की काढून टाका. ‘जाहिरातीचा करार सोबत जोडला आहे’ म्हणून झिप फाईल आली आणि ती उघडायला पासवर्ड दिलेला असला, तर संगणकावर उघडू नका. चॅनेल चोरीला जायची ही नेहमीची वाट आहे.

येताना आमंत्रणाचा मेल, कराराची प्रत, पॅन, पासबुक आणि चॅनेलचा मूळ मेल ज्या मोबाईलवर चालतो तो मोबाईल आणा. पुतण्याच्या नंबरवर ओटीपी जात असेल तर पुतण्यालाही आणा. बाजाराच्या दिवशी गर्दी असते आणि दुपारी लाईनचा भरवसा नसतो, सकाळी अकराच्या आत आलात तर बसून बोलता येईल. एडिटिंग आणि थंबनेलचे दर काउंटरवर लावलेले आहेत.