टॉवर लोकेशन आणि खासगीपणा

टॉवर लोकेशन : मोबाइल कोणत्या टॉवरच्या टप्प्यात आहे, यावरून तो बाळगणाऱ्याचा ठावठिकाणा काढण्याची पद्धत. पोलिसांच्या बोलीत ‘लोकेशन काढणे’. कोल्हापुरातल्या राजारामपुरीसारख्या दाट वस्तीत टॉवर जवळजवळ असल्याने अंदाज काहीशे मीटरांवर येतो. गगनबावड्याच्या डोंगरात तो काही किलोमीटर इकडेतिकडे होऊ शकतो. टॉवरच्या टप्प्यात असणे म्हणजे घटनास्थळी असणे नव्हे, हे तपासात विसरून चालत नाही.

सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड) म्हणजे एका नंबरच्या कॉलची नोंदवही : कोणाला, कधी, किती सेकंद आणि कोणत्या टॉवरवरून. दूरसंचार कंपन्यांनी ती किमान दोन वर्षे जपायची असते. ‘टॉवर डंप’ मात्र उलट्या बाजूने चालतो. त्यात माणूस ठरलेला नसतो, जागा आणि वेळ ठरलेली असते. समजा, नवरात्रात महाद्वार रोडवर रात्री नऊच्या सुमारास एका बाईंचे गंठण गेले. त्या तासाचा डंप मागवला, की अंबाबाईच्या दर्शनरांगेतून घरी फोन लावणारे, गंगावेशच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात धरून बोलणारे, सगळ्यांचे नंबर त्या यादीत येतात. चोर त्यांत असेल किंवा नसेलही. बाकीच्यांना आपण यादीत होतो हे सहसा कधीच कळत नाही.

पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील मूलभूत हक्क ठरवला. तरीही संभाषण ऐकायचे तर एरवी गृहसचिवांचा आदेश लागतो. सीडीआर मागवायला पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी पुरते. ही तफावत खटकणारी आहे. माणूस कोणत्या दवाखान्यात जातो, कोणाच्या घरी रात्र काढतो, कोणत्या मोर्चात चालतो, हे त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या पावलांवरून जास्त कळते. म्हणून सीडीआर मागवायला न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी हवी. हरवलेले पोर शोधायचे असेल, तर आधी शोध आणि मग परवानगी, अशी सवलत ठेवता येईल.

८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस प्रकरणात, जामिनावरील आरोपीने गूगल मॅपवरून आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दाखवत राहावे, ही अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

अशा पाळतीविरुद्ध अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. त्यासाठी कोल्हापूरकरांना मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झाले आहे.