यू-टर्न वेगळा आणि थ्री पॉइंट टर्न वेगळा, टेस्टच्या आधी हा फरक नीट समजून घ्या

वहिनीला गाडी शिकवत होतो तेव्हा सोसायटीच्या मागच्या रोडवर मी म्हटलं, आता गाडी उलटी फिरवून घ्या, तर त्यांनी इंडिकेटर दिला, रोडच्या मधोमध आल्या आणि तिथून स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं. गाडी समोरच्या गटाराजवळ जाऊन अडकली. त्यांचं म्हणणं, यू-टर्न असाच तर मारतात ना! यू-टर्न असाच मारतात हे खरंच आहे, पण तिथे यू-टर्न बसतच नव्हता. ही चूक इतके जण करतात की नीट लिहावंसं वाटलं.

दोन्हीत गाडीचं तोंड उलट्या दिशेला होतं, म्हणून लोक दोन्हीला यू-टर्नच म्हणतात. पण यू-टर्न म्हणजे एकाच दमात, फक्त पुढे जात, रिव्हर्स गिअरला हात न लावता घेतलेलं वळण. थ्री पॉइंट टर्नमध्ये पुढे, मागे, परत पुढे असं करत गाडी आडवी टाकून फिरवतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 15 मध्ये टेस्टला काय काय यायला पाहिजे त्याची यादी आहे, त्यात फॉरवर्ड आणि रिव्हर्स गिअर वापरून गाडीचं तोंड उलट्या दिशेला करणे असं सरळ लिहिलंय, म्हणजे हाच थ्री पॉइंट टर्न. आपल्याकडे टेस्ट म्हटलं की सगळे आठ आणि एचच्या आकारात गाडी चालवायचीच प्रॅक्टिस करतात, त्यामुळे हे मागे पडतं, आणि रोज लागतं मात्र हेच.

कुठे काय करायचं हे रोडची रुंदी ठरवते. स्विफ्टचं उदाहरण घ्या, तिची टर्निंग रेडियस 4.8 मीटर आहे, म्हणजे पूर्ण वळायला 9.6 मीटर लागतात, आणि तेही चाकांचं माप, पुढचा बंपर चाकांच्या बाहेर असतो त्याला आणखी जागा पाहिजे. आपल्याकडचा साधा टू लेन रोड असतो 7 मीटरचा, फुटपाथला उंच कर्ब, म्हणजे कडेचा दगडी काठ, असेल तर 7.5. आता सांगा एका दमात गाडी वळेल कशी? कितीही चांगला ड्रायव्हर असू दे, नाही वळणार. दुभाजकातल्या कटमधून वळताना जमतं कारण पलीकडची पूर्ण बाजू मिळते आणि दुभाजकाची रुंदीही मिळते.

आणि सगळा घोळ इथेच होतो. कटवर यू-टर्न घ्यायचा तर दुभाजकाला लागून असलेल्या उजव्या लेनमध्ये आधीपासून यावं लागतं. थ्री पॉइंट टर्नला बरोबर उलट, डाव्या कडेला जितकं चिकटून उभं राहता येईल तितकं राहायचं, कारण रोडचा प्रत्येक फूट वापरायचाय. मधून सुरू केलं की अर्धा रोड तिथेच वाया गेला, मग तीनाचे सात होतात.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. डावीकडे उभे राहा, आरसे बघा, मान वळवून मागे बघा, दोन्हीकडून कोणी येत नाही याची खात्री करा, उजवा इंडिकेटर द्या, फर्स्ट टाका आणि हाफ क्लचवर अगदी मुंगीच्या वेगाने निघा पण स्टिअरिंग भराभर पूर्ण उजवीकडे फिरवा. गाडी हळू, हात फास्ट. बहुतेक जण बरोबर उलटं करतात. पलीकडची कड मीटरभर राहिली की गाडी चालू असतानाच स्टिअरिंग डावीकडे सोडायला लागा, थांबा, हँडब्रेक ओढा. हँडब्रेक का, तर रोड मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून, त्यामुळे गाडीचं नाक आता उतारावर आहे आणि ब्रेक सोडला की ती पुढे घसरते. रिव्हर्स टाका, क्लच सोडत आणून गाडीने पकड घेतली की मगच हँडब्रेक सोडा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. रिव्हर्समध्ये डावीकडे फिरवलं की मागचा भाग डावीकडे जातो आणि नाक उजवीकडे येतं, आपल्याला तेच पाहिजे. मधला उंचवटा ओलांडला की गाडी मागे पळायला लागते, तिथे क्लच दाबून ब्रेकवर. मागची कड यायच्या आधी स्टिअरिंग उजवीकडे, थांबा, हँडब्रेक, फर्स्ट, निघा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, गाडी आडवी असते तेव्हा आरशात फक्त कडा दिसतात, ट्रॅफिक तुमच्या दोन्ही बाजूच्या खिडक्यांतून येतं. म्हणून प्रत्येक वेळी निघण्याआधी डावी आणि उजवी दोन्ही खिडकी बघायचीच, आणि कोणी आलंच तर घाई न करता थांबून त्याला ठरवू द्यायचं. तीनच्या जागी पाच वेळा मागेपुढे झालं तरी मला त्यात काही वाईट वाटत नाही, कर्बला टायर घासणं आणि न बघता मागे येणं हे जास्त वाईट. वळणावर, चढाच्या माथ्यावर किंवा घाटात यातलं काहीच करू नका, पुढे रुंद जागा मिळेपर्यंत जा. यू-टर्न बंदीचा बोर्ड असेल तिथे थ्री पॉइंट करून पळवाट काढू नका.

परदेशात असलेल्यांसाठी, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये 4 डिसेंबर 2017 पासून हा प्रकार टेस्टमधून काढलाय, त्याजागी उजव्या कडेला थांबून दोन गाड्यांच्या लांबीइतकं रिव्हर्स घेणं आलं. आयर्लंडमध्ये टर्नअबाउट नावाने अजून आहे, सिडनीकडे न्यू साउथ वेल्सच्या टेस्टमध्येही थ्री पॉइंट टर्न करायला सांगू शकतात. म्हणजे दादा लंडनला टेस्ट देतोय आणि ताई डब्लिनला, तर एकमेकांच्या नोट्स वापरू नका.

राहिला गावाकडचा सिंगल रोड, 3.75 मीटरचा. स्विफ्टच त्याहून लांब आहे, साधारण 3.85 मीटर, म्हणजे ती तिथे आडवीसुद्धा मावत नाही, मग थ्री पॉइंट विसरा. थोडं पुढे जाऊन एखादं गेट किंवा शेतात जाणारी वाट शोधायची, तिच्या पुढे थांबून रिव्हर्समध्ये आत शिरायचं आणि तोंड रोडकडे ठेवून बाहेर यायचं. तोंड आत घालून मागे रोडवर येऊ नका, तेव्हा येणारी बाइक तुम्हाला दिसतच नाही.