ईएससीच्या खोक्यावरचे आकडे कुठून आले

रिमोटवर चालणाऱ्या आरसी कारसाठी ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, शोधायला बसलं की टर्नची मर्यादा, अँपिअर, सेलची संख्या, कट-ऑफ, सेन्सर, बीईसी हे सगळं एकदम समोर येतं. पण यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या काळातल्या वेगळ्या अडचणीतून आली आहे. ती अडचण आपल्या गाडीला आहे का, एवढं पाहिलं तर निवड बरीच सोपी होते.

तामियाने १९७६ मध्ये १/१२ मापाची पोर्शे ९३४ आणली. त्या पिढीच्या गाड्यांत वेगाचं काम सर्व्होकडे, म्हणजे रिमोटच्या हुकमाने दांडी फिरवणाऱ्या छोट्या मोटरकडे, असे. सर्व्होने फिरवलेला एक संपर्क धातूच्या पट्ट्यांवरून सरकायचा आणि मोटरच्या वाटेत कमी-जास्त रेझिस्टन्स घालायचा. वेगाच्या पायऱ्या दोन-तीनच. हळू चालवायचं तर उरलेली ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळायची. रेझिस्टर भाजण्याइतका तापे, संपर्क काळे पडत आणि बॅटरी उगाच संपे. रिसीव्हरसाठी बहुधा वेगळे पेन्सिल सेलही वागवावे लागत.

ऐंशीच्या दशकात मॉसफेट, म्हणजे करंटची उघडझाप करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, शौकिनांच्या आवाक्यात आले आणि नोवाक, टेकिन यांसारख्या अमेरिकी कंपन्यांचे ईएससी शर्यतींत दिसू लागले. मॉसफेट एक तर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद. सेकंदाला शेकडो-हजारो वेळा ही उघडझाप करून, चालू राहण्याचा काळ कमी-जास्त केला की वेग हवा तसा मिळतो. तरीही चालू मॉसफेटला थोडा रेझिस्टन्स उरतोच, आणि करंट दुप्पट झाला की त्यातली उष्णता चौपट होते. टर्नची मर्यादा आली ती इथून. टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे. ५४० मापाच्या मोटरवर वेढे कमी म्हणजे तार जाड, रेझिस्टन्स कमी आणि करंट जास्त. २७ टर्नची साधी मोटर सहज चालवणारा ईएससी १२ टर्नच्या मोटरवर जळू शकतो. ब्रश मोटरवाल्याने आजही सर्वांत आधी हाच आकडा पाहावा असं माझं ठाम मत आहे. खोक्यावरचे अँपिअर मोजायची पद्धत उत्पादकागणिक बदलते, टर्नच्या मर्यादेत मात्र मोटरच समोर ठेवलेली असते.

त्या काळच्या शर्यतीच्या ईएससीत बहुतेकदा रिव्हर्स नसे. उलट फिरवायला एच-ब्रिज, म्हणजे चार स्विचची जोडणी, लागतो आणि करंटला एकाऐवजी दोन मॉसफेटच्या थरांतून जावं लागतं. तेवढी उष्णताही शर्यतवाल्यांना नको होती. एकाच दिशेच्या ईएससीबरोबर मोटरवर शॉट्की डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावत. जुन्या मोटरवर तो डायोड आजही सापडतो, आणि रिव्हर्सचा ईएससी जोडण्यापूर्वी तो काढलाच पाहिजे. नाही तर रिव्हर्स दिल्याक्षणी डायोड शॉर्ट सर्किट करतो आणि ईएससी जातो.

ब्रशलेस मोटर, म्हणजे घासणाऱ्या ब्रशऐवजी ईएससीनेच कॉइलचा करंट बदलून फिरवलेली मोटर, विमानांच्या मॉडेलमध्ये आधी रुळली. पंख्याला तिथे रांगत सुरू व्हायची गरज नसते, म्हणून सेन्सर नसलेला ईएससी पुरतो. मोटर फिरताना उमटणाऱ्या उलट्या व्होल्टेजवरून तो रोटरची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाची, जागा ओळखतो. गाडीला मात्र थांबलेल्या अवस्थेतून हळू निघायचं असतं, आणि तेव्हा हे व्होल्टेज जवळपास नसतंच. मग गाडी अडखळते, थरथरते. यासाठी २००० नंतर गाड्यांच्या ब्रशलेस संचांत रोटरची जागा चुंबकावरून ओळखणारे हॉल सेन्सर आणि त्यांची वेगळी सहा तारांची केबल आली. क्रॉलर, म्हणजे दगडधोंड्यांवरून हळू चढणारी गाडी, किंवा वळणावळणाच्या शर्यतीसाठी सेन्सर घ्यावा. मोकळ्या मैदानात वेगाने पळवायच्या गाडीला त्यावाचून फारसं अडत नाही.

ब्रशलेस ईएससीचं टायमिंग, म्हणजे कॉइलला करंट किती आधी द्यायचा ते, सॉफ्टवेअरच्या हातात आलं आणि नवा पेच उभा राहिला. हे टायमिंग वाढवणाऱ्या बूस्ट, टर्बो अशा सोयींनी स्टॉक वर्गातल्या एकसारख्या १७.५ टर्नच्या मोटरही भलत्याच वेगाने धावू लागल्या. तो वर्ग समान ताकदीच्या गाड्यांचा, म्हणून टायमिंग शून्यावर ठेवणारा मोड आला. तो चालू असल्याची खूण म्हणून दिवा लुकलुकतो, त्यावरून नाव पडलं ब्लिंकी. स्टॉक वर्गात उतरणाऱ्याने हा मोड आहे की नाही ते आधी तपासावं. घरच्या घरी खेळणाऱ्याला त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीने कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की मोटर थांबवणारा बंदोबस्त, आणला. जुने निकॅड (निकेल-कॅडमियम) सेल शर्यतवाले मुद्दाम तळापर्यंत रिकामे करत. लायपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडू शकतो, फुगू शकतो. म्हणून कट-ऑफ नसलेल्या जुन्या ईएससीवर वेगळा अलार्म न लावता लायपो चालवू नये. स्वस्त ईएससीवर बॅटरीचा प्रकार ठरवायला छोटा जंपर असतो, तो योग्य जागी आहे का ते पहिल्या फेरीआधीच पाहावं.

बीईसी म्हणजे मुख्य बॅटरीतूनच रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारा ईएससीतला भाग. त्याच्याकडे मात्र फार कमी लोक पाहतात. ते वेगळे पेन्सिल सेल यानेच घालवले, आणि आता त्याच्यावर ताकदवान सर्व्होचाही भार असतो. लिनिअर बीईसी जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. दोन सेलच्या ७.४ व्होल्टवरून ६ व्होल्ट करताना २ अँपिअरला २.८ वॅट, तर तीन सेलच्या ११.१ व्होल्टवरून १० वॅटहून जास्त. तीन सेल आणि मोठा सर्व्हो असेल तर उघडझाप करून व्होल्टेज उतरवणाऱ्या, कमी तापणाऱ्या स्विचिंग बीईसीचाच ईएससी घ्यावा, किंवा बीईसी वेगळा बसवावा.