समवयस्कांचा दबाव

बरोबरीच्या वयाच्या मंडळींत सामावून जावे, त्यांच्या नजरेतून उतरू नये, यासाठी माणूस आपल्या वागण्यात, आवडीनिवडीत आणि निर्णयांत जो फेरफार करतो, त्यामागच्या ओढीला आणि धाकाला समवयस्कांचा दबाव म्हणतात. बोलीत ‘पीअर प्रेशर’ हा शब्दही आता रुळला आहे. हा दबाव कोणत्याही वयात असतो. पण शाळेच्या वरच्या इयत्तांपासून महाविद्यालयाची पहिली वर्षे संपेपर्यंत त्याचा जोर सर्वाधिक जाणवतो.

दबाव म्हटले की चार टवाळ पोरे एका सरळमार्गी मुलाच्या हातात सिगारेट कोंबत आहेत, असे चित्र पालकांच्या डोळ्यांसमोर येते. ‘फट्टू आहेस काय?’, ‘एकदा घेऊन तर बघ’ असे डिवचणे होतच नाही असे नाही. पण बहुतेक वेळा कोणी काही बोलतही नाही. बाकीचे काय म्हणतील याचा मुलगा किंवा मुलगी मनाशीच अंदाज बांधते आणि त्याप्रमाणे वागते. गंमत अशी, की तो अंदाज पुष्कळदा चुकलेला असतो. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मद्यपानाविषयी डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. बहुतेकांना स्वतःला तिथल्या पिण्याच्या रीतीबद्दल अवघडलेपण वाटत होते, पण ‘बाकीच्यांना मात्र त्यात काही वावगे वाटत नाही’ अशी प्रत्येकाची समजूत होती. म्हणजे ज्या बहुमताला सगळे भीत होते, ते बहुमत मुळात नव्हतेच.

प्रयोगांतून काय दिसले

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५०च्या दशकातील प्रयोगांपासून सुरू झाला असे सामान्यतः सांगतात. काम अगदी सोपे होते: एका रेघेएवढी दुसरी रेघ तीन रेघांमधून ओळखायची. खोलीतील एक विद्यार्थी सोडून बाकी सगळे प्रयोगकर्त्याला सामील होते आणि ठरवून चुकीचे उत्तर देत होते. एरवी या कामात जवळजवळ कोणी चुकत नसे; पण गट एकमुखाने चुकला की विद्यार्थ्यांची सुमारे एक तृतीयांश उत्तरेही गटाप्रमाणे चुकत. साधारण चारातले तिघे निदान एकदा तरी गटाच्या मागे गेले. प्रत्येक वेळी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणारेही चारात एक होते, हे मात्र अनेकदा सांगायचे राहून जाते. त्याहून मोलाचे निरीक्षण पुढचे आहे. गटातल्या एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी गटामागे जाण्याचे प्रमाण एकदम खाली येई.

किशोरवयातच हा जोर इतका का, याचे उत्तर फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. २००५ च्या प्रयोगात त्यांनी किशोरवयीन, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवायला लावली. सिग्नल केव्हा लाल होईल सांगता येत नाही. थांबायचे की दामटायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. एकट्याने खेळताना तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. मित्र शेजारी बसले की किशोरांचे धाडस खूपच वाढले, तरुणांचे थोडे वाढले आणि प्रौढांवर जवळजवळ परिणाम झाला नाही. २०११ मध्ये असाच खेळ मेंदूचे स्कॅनिंग चालू असताना घेतला गेला. मित्र शेजारच्या खोलीतून पाहत आहेत एवढे कळताच किशोरांच्या मेंदूतील बक्षिसाची चाहूल लागली की जागे होणारे भाग जास्त सक्रिय झाले. यातून निघणारा अर्थ व्यवहारात फार उपयोगी आहे. धोका काय आहे ते मुलांना कळत असते; मित्रांसमोर त्या धोक्यातली मजा त्यांना मोठी वाटते. त्यामुळे ‘इतके सांगूनही कळत नाही’ ही घराघरांतली तक्रार नेमकी चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते.

मित्रांच्या कलाला तोंड देण्याची क्षमता साधारण १४ ते १८ या वयात सातत्याने वाढते आणि त्यानंतर स्थिरावते, असे याच संशोधकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात आढळले.

संगत निवडलेली की लागलेली?

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण या विषयावर हमखास ऐकवली जाते. पण पवळ्याला दावणीला दुसरे कोणी तरी बांधते. मुले आपली दावण बहुतेक स्वतः निवडतात. दोन मित्र सारखे वागतात, याचे कारण एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला हे असू शकते, तसेच ते मुळातच सारखे होते म्हणून मित्र झाले हेही असू शकते. डेनिस कँडेल यांनी न्यूयॉर्क राज्यातील शाळांमधील मित्रांच्या जोड्यांचा मागोवा घेतला. १९७८ मधील त्यांच्या निष्कर्षानुसार दोन्ही कारणांचा वाटा साधारण सारखाच होता. ‘माझा मुलगा चांगला होता, मित्रांनी बिघडवला’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे मानावे. समोरच्या घरातही नेमके तेच वाक्य बोलले जात असते.

निवडीचा हा गोंधळ टाळायचा तर संगत चिठ्ठी टाकून ठरायला हवी. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात वसतिगृहातील खोल्यांचे वाटप जवळजवळ तसेच होत असे. ब्रूस सॅसरडोट यांनी त्याच्या आधारे २००१ मध्ये दाखवले, की नशिबाने मिळालेल्या खोलीतील जोडीदाराचा परिणाम गुणांवर होतो आणि ‘फ्रॅटर्निटी’ म्हणवणाऱ्या विद्यार्थी-मंडळांत सामील होण्याच्या निर्णयावरही होतो.

एकच मूल, दोन वर्ग

हाच दबाव चांगल्या बाजूलाही लोटतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण लॉस एंजेलिसमधील शाळांतले आहे. लिओनार्डो बर्स्टिन आणि रॉबर्ट जेन्सन यांनी अकरावीच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालय-प्रवेशपरीक्षेच्या मोफत तयारीवर्गाचे अर्ज दिले. काही अर्जांवर ‘तुमचा निर्णय वर्गमित्रांनाही कळणार नाही’ असे आश्वासन होते, तर काहींवर ‘वर्गमित्र सोडून इतर कोणाला कळणार नाही’ असे होते. सर्वसाधारण वर्गांत, निर्णय मित्रांना कळू शकतो असे वाटल्यावर नाव नोंदवणाऱ्यांचे प्रमाण ७२ वरून ६१ टक्क्यांवर आले. हुशार मुलांच्या विशेष वर्गांत असा फरक दिसला नाही. काही मुले दोन्ही प्रकारच्या वर्गांत बसत असत. अशा मुलाला अर्ज सर्वसाधारण वर्गात मिळाला, तर चारचौघांत नाव देण्याची शक्यता सुमारे २५ टक्के-अंकांनी घटे. विशेष वर्गात मिळाला, तर तेवढीच वाढे. मूल तेच आणि घरचे संस्कारही तेच होते, पाहणारे डोळे मात्र बदलले होते. आपल्याकडे मागच्या बाकावर बसून गुपचूप अभ्यास करणारा आणि ‘घासू’ म्हणवून घ्यायला घाबरणारा मुलगा याच जातीचा.

महाराष्ट्रातील दोन ठिकाणे

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या आसपास अभ्यासिकांचे जाळे आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र अशा सर्व भागांतून आलेली मुले-मुली राज्यसेवेच्या तयारीसाठी इथे महिन्याचे शुल्क भरून एक खुर्ची आणि एक दिवा विकत घेतात. खरे तर पुस्तक खोलीवरही वाचता येते. अभ्यासिकेत पैसे मोजले जातात ते शेजारच्यासाठी. डावीकडचा सकाळी सातला येऊन बसला आहे आणि उजवीकडची अजून खुर्चीवरून उठलेली नाही, ही जाणीव फोन खिशात ठेवायला लावते. उठायचे तर चौघे मिळून, चहाला, आणि टपरीवरही बोलणे कटऑफचेच. गावात एकट्याने ज्याला रोज दोन तास जमत नव्हते, तो इथे दहा तास बसतो.

हीच जागा पुढे माणसाला अडकवतेही. खोलीतले तिघे चौथ्या-पाचव्या प्रयत्नाच्या तयारीत असताना ‘मी थांबतो, दुसरे काही करतो’ म्हणणे म्हणजे पळून जाणे वाटते. गावी परतायचे कोणत्या तोंडाने, हा प्रश्न असतोच. पण रूममधल्यांना सांगायचे कसे, हा त्याहून जवळचा असतो. राज्यसेवेची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे असल्याने ‘अजून एक प्रयत्न’ म्हणायला वाव भरपूर मिळतो. जिद्द कुठे संपते आणि भीड कुठे सुरू होते, हे बाहेरून ओळखता येत नाही.

दुसरे ठिकाण विदर्भातला पानठेला. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून तयार केलेला खर्रा हा सहसा एकट्याने खायचा पदार्थ नव्हे. पुडी एकाच्या खिशातून निघते, चार हात पुढे होतात. दिलेली चिमूट नाकारणे म्हणजे तंबाखू नाकारणे राहत नाही, देणाऱ्याला नाकारणे होते. त्यामुळे कॅन्सरची भीती घालणारे फलक इथे फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण चिमूट घेणाऱ्याचा हिशेब तब्येतीचा नसतो. २००३ च्या केंद्रीय कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी केली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. विक्रीला आळा घालणारे हे कायदे आवश्यकच आहेत, पण मित्राच्या खिशापर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही.

वसतिगृहांतील रॅगिंग हा याच दबावाचा सर्वांत क्रूर प्रकार. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ मध्ये आले. रॅगिंग टिकून राहते ते मूठभर दांडगटांमुळे नव्हे. ‘आम्हीही सोसले’ म्हणत बघत उभे राहणारे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ते टिकवतात.

दबावाचा उपयोग

मुलांना ‘नाही म्हणायला’ शिकवणे हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे, पण तो एकटा पुरत नाही; नाही म्हटल्यावर जायचे कुठे, हे त्यात नसते. गटाचीच रीत बदलणारे प्रयत्न अधिक यशस्वी ठरले आहेत. दिल्ली आणि चेन्नईतील ३२ शाळांत सहावी आणि आठवीच्या मुलांसाठी दोन वर्षे चाललेल्या ‘मैत्री’ प्रकल्पात तंबाखूविषयीच्या वर्गातील चर्चा विद्यार्थी-नेत्यांनीच चालवल्या, आणि त्या शाळांत तंबाखूचे प्रमाण इतर शाळांच्या तुलनेत आटोक्यात राहिले. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने २००६ मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम वेगळ्या वाटेने तेच करतो. चाकोरीबाहेरचे काम करू पाहणाऱ्या तरुणांना तो शिबिरांतून एकत्र आणतो. सगळे वर्गमित्र पॅकेजच्या मागे असताना वेडा ठरणारा मुलगा इथे पन्नास वेड्यांपैकी एक असतो.

मात्र गट जमवला की भले होतेच असे नाही. १९३९ मध्ये सुरू झालेल्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात वाट चुकू शकणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षे मार्गदर्शन दिले गेले. सुमारे तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा माग काढला, तेव्हा मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा मदत मिळालेल्यांचीच स्थिती काहीशी वाईट निघाली. पुढच्या विश्लेषणात हे नुकसान मुख्यतः पुन्हा पुन्हा उन्हाळी शिबिरांना पाठवलेल्या मुलांत आढळले. तिथे ती आपल्यासारख्याच मुलांमध्ये मोकळी सोडलेली होती. याउलट इंग्लंड आणि वेल्समधील ५९ शाळांतल्या धूम्रपानविरोधी प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले, मुलांनीच वर्गातील वजनदार वर्गमित्रांची नावे दिली. त्यांना थोडे प्रशिक्षण देऊन पुन्हा आपल्या कट्ट्यावर पाठवले, तिथे एरवीच्या गप्पांतच विषय काढायचा होता. या शाळांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण इतर शाळांपेक्षा कमी राहिले. आपल्याकडे अशा कामासाठी शिक्षक बहुधा मॉनिटरला निवडतात, आणि मॉनिटरचे कट्ट्यावर कोणी ऐकत नाही.