कटकन आवाज येण्याआधी मणक्याची तपासणी कशी होते?

रावेर-यावलच्या केळीच्या बागांमध्ये घड वाहणारे मजूर असोत, की अमळनेर-पारोळ्याकडे दिवसभर वाकून कपाशी वेचणाऱ्या बाया, ‘कंबर दुखी ऱ्हायनी’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पूर्वी उसण भरली की गावातल्या चोळणाऱ्याकडे जायचं. आता मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे हातांनी मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरचंही नाव कानावर पडतं. त्या व्हिडिओंत दिसतो तो झटका आणि ऐकू येतो तो कटकन आवाज. तपासणी मात्र क्वचितच दिसते, आणि खरं महत्त्व तिलाच आहे.

ही पद्धत 1895 मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट शहरात डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केली. मणके जागचे हलल्यामुळे बहुतेक आजार होतात, हे त्यांचं मत विज्ञानाच्या कसोटीवर टिकलं नाही. पण चांगला कायरोप्रॅक्टर आज जी तपासणी करतो, ती बरीचशी हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट करतात तीच आहे.

सुरुवात प्रश्नांनी होते. वाकल्यावर दुखतं की चालल्यावर? शिंकलं की पायात कळ जाते का? चालताना पाय भरून येतात आणि बसलं की आराम पडतो, असं उतारवयातला माणूस सांगत असेल, तर मज्जारज्जूची नळी अरुंद झाल्याची शंका येते.

मग रुग्णाला उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलतात. साधारण 30 ते 70 अंशांच्या दरम्यान गुडघ्याखालपर्यंत कळ गेली, तर दबलेल्या नसेचा संशय बळावतो. नुसती मांडी मागून ताणली गेली, तर तो बहुधा स्नायूंचा ताठरपणा असतो. पुढची तपासणी मला सगळ्यांत सुंदर वाटते, कारण तिथं शरीर स्वतःच दुखण्याचा पत्ता सांगतं. गुडघ्यावर रबरी हातोडी मारल्यावर पाय नीट उडाला नाही, तर कमरेच्या चौथ्या मणक्याजवळची नस तपासावी लागते. पायाचा अंगठा वर उचलत नसेल, चालताना चप्पल घासत असेल, तर पाचवी. चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर त्याखालच्या, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातली पहिली.

बोटांनी चाचपून ‘हा मणका अडकलाय’ असं सांगणं मात्र तितकं भरवशाचं नाही. एकाच पाठीवर दोन तपासणाऱ्यांचं एकमत होत नाही, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. दाबल्यावर नेमकं कुठं दुखतं, यावर त्यामानाने जास्त एकमत होतं.

एमआरआयवरही डोळे मिटून विसंबू नये. पाठ अजिबात दुखत नसलेल्या 3110 जणांच्या एमआरआय-सीटी तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या होत्या. त्यामुळे रिपोर्टमधली झीज हेच दुखण्याचं कारण, असं परस्पर ठरवता येत नाही. आणि तो कटकन आवाज? तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी जोडलेला आहे. मणका ‘जागेवर बसल्याचा’ तो पुरावा नव्हे.

काही खुणा दिसल्या तर पाठीला झटका देऊच नये: रात्री वाढणारं दुखणं, बारीक ताप, घटणारं वजन (आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आहे), पडल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी. लघवी अडली किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी जळगाव किंवा धुळ्याचं मोठं रुग्णालय गाठावं. अशा वेळी दाबलेल्या नसा मोकळ्या करायला हाताशी तासच असतात.