तेच वाईट स्वप्न वर्षानुवर्षं का पडतं?

पाठीमागे कोणीतरी लागलंय, पाय उचलत नाहीत, ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही, आणि ते अगदी अंगाशी येणार तेवढ्यात दचकून जाग येते. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागलेलं असं स्वप्न चाळिशीतही पडतंच आहे, अशी माणसं आपल्या आसपास भरपूर आहेत. ती सहसा बोलत नाहीत. वाईट स्वप्न कुणाला सांगू नये, अशी समजूत असते, आणि एवढ्याशा कारणासाठी डॉक्टरकडे काय जायचं, असंही वाटतं. दर आठवड्याला किंवा त्याहून जास्त वेळा दुःस्वप्न पडणाऱ्या प्रौढांचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये साधारण 2 ते 6 टक्के आढळतं. त्यातले फार थोडे उपचारांपर्यंत पोहोचतात.

या स्वप्नाचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र प्रत्येकाला पडलेला असतो. साप दिसला तर शत्रू, दात पडले तर घरात मृत्यू, गढूळ पाणी दिसलं तर संकट, अशा याद्या पंचांगापासून मोबाइलपर्यंत सगळीकडे मिळतात. त्यांना तपासून पाहिलेला कोणताही आधार नाही. जर्मनीत केलेल्या पाहणीत लोकांची नेहमीची दुःस्वप्नं अशी निघाली: उंचावरून पडणं, कोणीतरी पाठलाग करणं, हालचाल न करता येणं, महत्त्वाच्या ठिकाणी उशीर होणं, जवळचं माणूस नाहीसं होणं किंवा मरणं. ही यादी पुण्यातल्या किंवा पणजीतल्या माणसालाही ओळखीची वाटेल. पाठलाग करणारा कुत्रा आहे, चोर आहे की पांढऱ्या साडीतली बाई, हे ज्याच्या-त्याच्या लहानपणी ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टींवरून ठरतं. भीतीचा साचा तोच राहतो.

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण संशोधनाच्या कसोटीवर बऱ्यापैकी टिकते, पण एका दुरुस्तीसह. दिवसातल्या घटना स्वप्नात जशाच्या तशा फारच कमी वेळा येतात. येते ती त्यामागची भावना. म्हणून ‘सापाचा अर्थ काय’ यापेक्षा ‘त्या क्षणी मला नेमकं काय वाटत होतं, आणि हल्ली जागेपणी तसं कधी वाटलं’ हा प्रश्न उपयोगाचा. लाज, असहायता, एकटं पडल्याची भावना, कुणाला तरी वाचवता न आल्याची टोचणी, यातलं काय आहे ते बहुतेकांना थोडा विचार केल्यावर सांगता येतं.

रात्रीच्या कोणत्या वेळी

1953 साली शिकागो विद्यापीठात यूजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतली एक वेगळी अवस्था नोंदवली. तिच्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. तिला रेम झोप म्हणतात. झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं असतं, रात्रीत अशी चार ते सहा चक्रं होतात. पहिल्या चक्रात रेम जेमतेम काही मिनिटं टिकते, शेवटच्या चक्रात ती अर्ध्या तासावर जाऊ शकते. त्यामुळे दुःस्वप्नं बहुतेक उत्तररात्री आणि पहाटे पडतात. पहाटेची स्वप्नं खरी होतात, ही समजूतही यातूनच रुजली असावी. ती लांबलचक असतात, आणि त्यांच्यातून थेट जाग येत असल्यामुळे चांगली लक्षात राहतात.

रेम झोपेत भीती आणि धोका हाताळणारा अमिग्डाला हा मेंदूचा भाग जोरात काम करत असतो, तर तर्क करणारा आणि भावनांना आवर घालणारा कपाळामागचा भाग बराच शांत असतो. शिवाय डोळे आणि श्वासाचे स्नायू सोडले तर बाकीचे स्नायू मेंदू जवळजवळ बंद ठेवतो, म्हणजे स्वप्नात धावताना आपण खरोखर पलंगावरून उठत नाही. स्वप्नात पाय जड होणं हे या शैथिल्याचंच प्रतिबिंब असावं, असं काही संशोधक मानतात.

लहान मुलांच्या बाबतीत इथे एक गोंधळ हमखास होतो. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांच्या आत किंचाळत उठून बसतं, घामाघूम होतं, डोळे उघडे असूनही आईला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तर ते दुःस्वप्न नाही. ती गाढ झोपेतून अर्धवट जागं होण्याची अवस्था आहे. अशा वेळी मुलाला हलवून जागं करू नये, लागणार नाही एवढं पाहावं, काही मिनिटांत ते आपोआप शांत होतं. दुःस्वप्नातून उठलेलं मूल मात्र पूर्ण जागं असतं, बिलगतं आणि काय दिसलं ते सांगू शकतं.

पुन्हा पुन्हा का

लेव्हिन आणि नील्सन या संशोधकांनी 2007 साली मांडलेला विचार आज बराच मान्य आहे. त्यांच्या मते साध्या स्वप्नांचं एक काम म्हणजे भीतीच्या आठवणीचे तुकडे करणं आणि ते नव्या, निरुपद्रवी संदर्भांत मिसळणं. शाळेतला रागीट मास्तर स्वप्नात मामाच्या अंगणात आंबे खाताना दिसतो, ते यामुळेच. असं होत होत मूळ भीतीची धार जाते. दुःस्वप्नात भावना इतकी चढते की काम अर्ध्यावर असतानाच जाग येते. गाडी रोज त्याच फाट्यावर बंद पडावी तसं ते स्वप्न नेहमी त्याच जागी तुटतं आणि त्याचा शेवट कधी होतच नाही. भीती कच्चीच राहते, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तेच.

त्यात आपल्या सवयी भर घालतात. स्वप्न पडेल म्हणून माणूस उशिरापर्यंत जागतो. झोप कमी पडली की पुढच्या रात्री मेंदू रेमची भरपाई करतो, ती जास्त तीव्र होते आणि स्वप्नंही. दिवसा ते चित्र मनात आलं की तो झटकन दुसऱ्या कामाला लागतो, त्यामुळे ते जागेपणीच्या उजेडात कधी नीट पाहिलंच जात नाही. वर ‘आज पडणार’ ही धास्ती घेऊन अंथरुणावर पडणं आहेच. पहिलं निमित्त केव्हाच संपून गेलेलं असतं आणि उरलेली सवय स्वतःच्या बळावर वर्षानुवर्षं चालते.

हे पहिलं निमित्त मोठं असावंच लागतं असं नाही. कुत्रा अंगावर येणं, जत्रेत हात सुटणं, तापात फणफणून दवाखान्यात राहावं लागणं, घरातलं पहिलं मरण, रोजची भांडणं, कशाहीमुळे सुरुवात होऊ शकते. काहींची घडणच अशी असते. फिनलंडमध्ये जुळ्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात दुःस्वप्नांच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट दिसला. संवेदनशील, कल्पनेत रमणाऱ्या माणसांमध्येही ती जास्त आढळतात. तेव्हा लहानपणापासून दुःस्वप्नं पडतात म्हणजे लहानपणी काहीतरी भयंकर घडलं असणारच, असा निष्कर्ष काढू नये. ‘तुमच्या स्वप्नातून विसरलेला अत्याचार शोधून देतो’ असं म्हणणाऱ्यापासून दूरच राहावं, कारण अशा खणण्यातून न घडलेल्या गोष्टींच्याही पक्क्या आठवणी तयार होऊ शकतात, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. उलट, अत्याचार किंवा अपघात झालेला नीट आठवतो आहे आणि स्वप्नात तोच प्रसंग जसाच्या तसा येतो, त्यांनी पुढचा उपाय एकट्याने करू नये. तो मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने करावा.

जागेपणी स्वप्न बदलणं

आज सर्वात जास्त पुरावा असलेला उपाय औषधाचा नाही, सरावाचा आहे. बॅरी क्राको आणि सहकाऱ्यांनी 2001 साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या 168 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना ही पद्धत शिकवली त्यांची दुःस्वप्नं स्पष्टपणे कमी झाली, झोप सुधारली. अमेरिकेतल्या निद्राविज्ञान अकादमीने 2018 मध्ये दुःस्वप्नांसाठी याच पद्धतीची शिफारस केली. मनातल्या प्रतिमांची तालीम, एवढंच तिचं स्वरूप.

सुरुवात दोन आठवड्यांच्या नोंदीने करावी. वहीत रोज सकाळी चार गोष्टी: किती वाजता झोपलो, स्वप्नाने केव्हा जाग आली, स्वप्न तीन-चार ओळींत, आणि त्रास 0 ते 10 पैकी किती. यातूनच बरंच कळतं. रविवारी रात्री जास्त पडतं, उशिरा जेवल्यावर पडतं, पाळी येण्याआधी पडतं, असं काहीतरी हाती लागतं. नोंद सकाळीच करावी. रात्री उठून दिवा लावून लिहीत बसलं की झोप आणखी मोडते.

मग एक स्वप्न निवडायचं, आणि इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. ते सर्वात भयानक स्वप्न घेतात. घ्यायचं ते मधलं, 4-5 गुणांचं. ते हवं तसं बदलायचं. कुठे बदलायचं, किती बदलायचं, हे स्वप्न पाहणाऱ्याने ठरवावं, कारण दुसऱ्याने सुचवलेला शेवट मनाला लागत नाही. समजा, जुन्या वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यात कोणीतरी मागे लागतं. नव्या स्वप्नात जिना वर गच्चीत उघडतो, ऊन पडलंय, काकू पापड वाळत घालतेय, आणि मागून धापा टाकत आलेला माणूस खाली विसरलेलं दप्तर हातात देतो. किंवा जिन्यात नुसता दिवा लागतो, एवढाही बदल पुरतो. मागे लागलेल्याला मारून टाकण्याचा शेवट मात्र टाळलेला बरा. हिंसा राहिली की भीतीही शिल्लक राहते.

नवं स्वप्न वर्तमानकाळात, पानभर लिहून काढावं. उन्हाची ऊब, पापडाचा वास, पायाखालची फरशी, सगळं त्यात यावं. मग रोज 10 ते 20 मिनिटं, दिवसा, बसून, डोळे मिटून ते मनात चालवायचं. फक्त नवं, जुन्याची उजळणी अजिबात नाही. सराव करताना जुनं घुसलं तर डोळे उघडावेत, हातातली वस्तू, खिडकीबाहेरचा आवाज यांवर लक्ष आणावं आणि नव्याच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करावं. आठवड्याला जास्तीत जास्त दोन स्वप्नांवर काम करावं. ज्यांना डोळ्यांपुढे चित्र आणणं जड जातं त्यांनी आधी आठवडाभर एखाद्या आवडत्या जागेची, नदीच्या घाटाची किंवा आजोळच्या ओसरीची, पाच-पाच मिनिटं कल्पना करून हात बसवावा.

फरक साधारण दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतो. पुष्कळजण दहाव्या दिवशी सोडून देतात, कारण नवं स्वप्न रात्री पडलेलंच नसतं. ते पडावं लागत नाही. बहुतेकांत जुनं विरळ होतं, त्यातला त्रास 8 वरून 4 वर येतो किंवा ते नेहमीच्या जागी न तुटता भलतीकडे वळतं. हीच सुधारणा. जिनिव्हातल्या संशोधकांनी 2022 मध्ये याला एक जोड दिली. 36 जणांपैकी निम्म्यांना तालीम करताना पियानोचा एक सूरमेळ ऐकवला आणि रात्री रेम झोपेत तोच हळू आवाजात वाजवला. दोन आठवड्यांनंतर या गटात दुःस्वप्नं नुसत्या तालमीपेक्षाही जास्त घटली.

मुलांसाठी हीच पद्धत कागदावर करता येते. आदल्या रात्रीचं स्वप्न दुसऱ्या दिवशी उजेडात काढायला सांगावं आणि ‘आता यात तुला काय हवंय ते काढ’ म्हणावं. राक्षसाला पिंजरा काढायचा की चष्मा, हे मुलाने ठरवावं. रात्री मात्र काय दिसलं ते खोदून विचारू नये, जवळ घ्यावं, पाणी द्यावं, मंद दिवा ठेवावा. आणि ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ हे वाक्य घरातून कायमचं जायला हवं. झोपेच्या उंबरठ्यावर मुलाच्या मनात भीती पेरणारं त्याहून सोपं साधन नाही.

आधी तपासायच्या गोष्टी

स्वप्नं अलीकडेच वाढली असतील तर औषधांकडे पाहावं. रक्तदाब आणि धडधडीसाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅलर्जी आणि दम्यासाठी मुलांनाही दिलं जाणारं माँटेलुकास्ट, एचआयव्हीवरचं एफाव्हिरेंझ यांनी दुःस्वप्नं पडू शकतात. काही नैराश्यविरोधी गोळ्या एकाएकी बंद केल्या तरी दबलेली रेम झोप उसळते. गोळी स्वतःहून थांबवू नये, डॉक्टरला स्वप्नांविषयी स्पष्ट सांगावं. दारूने पहिल्या प्रहरी रेम दबते आणि पहाटे जोर करते, म्हणून ‘झोप लागावी’ म्हणून घेतलेला पेग नेमकं उलटं करतो. घोरणं, गुदमरून उठणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करावी, त्यावरच्या उपचाराने गुदमरण्याची स्वप्नंही कमी होतात. पन्नाशीनंतर कोणी स्वप्नाबरहुकूम खरोखर हातपाय झाडू लागलं, शेजारच्याला मार बसू लागला, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं. ही दुःस्वप्नांची नव्हे, रेममधलं स्नायूंचं शैथिल्य बिघडल्याची खूण असते.

प्राझोसिन हे मूळचं रक्तदाबाचं औषध आघातानंतरच्या दुःस्वप्नांसाठी वापरलं जातं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ते बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, तरी काही रुग्णांना गुण येतो, म्हणून डॉक्टर ते पारखून देतात.

दुःस्वप्नांच्या जोडीला जगणं नकोसं वाटत असेल तर तालमीची वाट पाहू नये. सतत पडणारी दुःस्वप्नं आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

बरं वाटल्यावर वही जपून ठेवावी. परीक्षा, बदली, बाळंतपण, घरातलं आजारपण अशा ताणाच्या दिवसांत जुनं स्वप्न एखाद-दोन वेळा परत येतं. तेव्हा नव्याने सुरुवात करावी लागत नाही, लिहून ठेवलेलं तेच पान आठवडाभर रोज दहा मिनिटं वाचून मनात चालवलं की बहुतेकदा पुरतं.